वेशीवर थांबणारे व्याही

माझ्या व्याह्यांइतका सज्जन माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि त्यांनी मला दिला तेवढा ताप माझ्या एकाही दुश्मनाने दिलेला नाही. ही दोन्ही वाक्यं मी जोतिबाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. स्वतःच्या गाडीतून खाली उतरायला बंदी झालेला मी या भागातला एकमेव गाडीमालक असेन. बंदी घालणाऱ्याच्या घरात माझी मुलगी नांदते आहे, म्हणून मी ती सोसली. एरवी सोसणं माझ्या स्वभावात नाही. तीन ट्रॅव्हलर गाड्या मी निव्वळ तोंडाच्या जोरावर उभ्या केल्या आहेत. टायरवाल्यापासून देवळाबाहेरच्या नारळवाल्यापर्यंत एकाकडूनही मी सांगितलेल्या भावात वस्तू घेतलेली नाही, आणि ज्या दिवशी घेईन त्या दिवशी घरच्यांनी मला डॉक्टरकडे न्यावं असं मी सांगून ठेवलं आहे.

व्याही वीज खात्यात मीटर रीडर होते. आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हा सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं. हे उठून दारामागच्या मीटरकडे गेले आणि मान वर करून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता घराची ऐपत मोजत असतील. परत येऊन म्हणाले, "पावणं, तुमच्या घरात एक दिवा इनाकारण जळालाय बघा." शोधाशोध झाली. माळ्यावर, रिकाम्या पिंपामागे, कधीचा कोण जाणे एक बल्ब चालू होता. माझ्या बायकोने तिथल्या तिथे लग्न ठरवून टाकलं. मानपानाची बोलणी निघाली तेव्हा मी बाह्या सरसावून बसलो होतो. ते मागतील, मी कमी करीन, ते चिडतील, मी उठून जाईन, मधले लोक मला परत बसवतील, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. हे म्हणाले, "आमास्नी काय नगो. पोरीला तेवढं या म्हनावं." समोरचा दोर ओढतच नसेल, तर आपण आपलं टोक धरून किती वेळ उभं राहायचं? त्या दिवशी पहिल्यांदा मला या माणसाची भीती वाटली.

निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात. आमच्या व्याह्यांनी सहली सुरू केल्या. का, तर म्हणे, "पावणं, सगळी नोकरी लोकांच्या दारात काढली. भितीवरचा आकडा तेवढा बघितला. आत मानसं काय खात्यात, काय पिकवत्यात, कशापायी हसत्यात, त्ये इचारायचंच ऱ्हायलं." म्हणून आता ते पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची माणसं घेऊन विचारायला निघतात. एक दिवस पूर्वेला, कुरुंदवाडच्या बाजूला नदीकाठच्या मळ्यांत. दुसरा दिवस पश्चिमेला, डोंगरात. जेवण गावातल्या घरात, रान दाखवणार गावातलाच माणूस, आणि पाहुणे जे देतील ते त्या घराला आणि त्या माणसाला. स्वतःसाठी काय ठेवता, असं मी एकदा विचारलं. "च्या असतोय की," म्हणाले. गाडी अर्थात माझी. भाडं ठरवतानाही त्यांनी मला तसंच मारलं. "तुमी म्हनशीला तसं," एवढंच बोलले, आणि मी घाबरून, ठरवून आलो होतो त्याहून कमीच सांगून बसलो. घरी आल्यावर माझा मलाच इतका राग आला की मी जेवलो नाही.

या माणसाला गाईड म्हणावं तर गाईडला निदान माहिती असते. एकदा मळ्यात एका पाहुणीने विचारलं, "काका, कृष्णाकाठची वांगी इतकी गोड का असतात?" दुसरा कुणीही काहीतरी ठोकून देऊन मोकळा झाला असता. व्याही खूश होऊन म्हणाले, "म्हाईत न्हाय. इचारूया." मळेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, पाण्यामुळे. त्याच्या बायकोला विचारलं, ती म्हणाली, गाळाच्या मातीमुळे. बांधावर बसलेल्या म्हातारीला विचारलं, ती म्हणाली, "माती न् पानी सगळ्यांच्यातच हाय. बी माझ्या म्हायेरचं हाय." व्याह्यांनी तिन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली. पाहुणीने विचारलं, "मग यातलं खरं कुठलं?" "त्येबी म्हाईत न्हाय," व्याही म्हणाले. पैसे घेऊन 'माहीत नाही' विकणारा माणूस मी धंद्यात पहिल्यांदाच पाहत होतो. गंमत म्हणजे ती बाई परतीच्या वाटेवर त्या म्हातारीच्या माहेरचं नाव तिघांना सांगत होती.

पण व्याह्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे वेस. कुठल्याही गावात शिरण्याआधी ते गाडी थांबवायला लावतात, सगळ्यांना खाली उतरवतात आणि वेशीवरून हाक मारतात, "यावं का?" आतून कुणीतरी "या" म्हणेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. जोतिबाच्या पायथ्याच्या एका वाडीत गेलो तेव्हा रविवार होता आणि अख्खी वाडी दर्शनाला डोंगरावर गेली होती. आमचे व्याही उन्हात हाका मारत उभे, पाहुणे रांगेत उभे. मी म्हणालो, "पावणं, वाडीत मानूस न्हाय." ते म्हणाले, "म्हनून तर थांबायचं. मानूस नसताना घरात शिरनाऱ्याला काय म्हनत्यात?" तासाभराने आमच्या मागूनच शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. व्याह्यांनी वळून त्याला विचारलं, "यावं का?" म्हातारा आमच्याकडे, मग गाडीकडे पाहत म्हणाला, "या की. पर तुमी तर माज्या फुडं हायसा." त्याने सगळ्यांना घरी नेलं आणि शेंगा खाऊ घातल्या. मी हिशेब केला, एवढ्या वेळात माझ्या गाडीची पन्हाळ्याला एक फेरी झाली असती.

आता बंदीचं सांगतो.

गगनबावड्याच्या अलीकडे डोंगरात एक धनगरवाडा आहे. पाच-सहा घरं, म्हशी आणि चहूबाजूंनी रान. गाडी खाली ओढ्यापाशी लावायची आणि पुढे चढायचं. व्याह्यांचा या वाड्यावर फार जीव. वाड्यावर वीज आली तेव्हा पहिलं रीडिंग घ्यायला तेच चढून गेले होते. एका बल्बसाठी हा माणूस एवढा डोंगर चढून आला म्हणून तिथल्या एका मावशीने त्यांना आत बोलावलं, ताक दिलं आणि विचारलं, "किती खाल्लं रं बाबा आमच्या दिव्यानं?" इतक्या वर्षांच्या नोकरीत मीटर बघायला आलेल्याला आत बोलावणारं ते पहिलं घर, असं व्याही सांगतात. सहल सुरू केली तीही या वाड्यापासूनच. मावशी म्हशी राखतात, लोणी काढतात, तूप कढवतात, आणि व्याह्यांचे पाहुणे ते घेतात.

पहिल्या वेळी मीही वर गेलो होतो. मावशीने तूप पुढे ठेवलं. मी थोडं हाताच्या पाठीवर घेतलं, चोळलं, वास घेतला, उजेडात धरून रवा पाहिला आणि म्हणालो, "मावशे, जाळ जरा ज्यादा झालाय." मावशी म्हणाली, "जाळ ज्यादा झालाय का तुझं नाक कमी झालंय?" झालं, सुरू झालो. ती माझ्या गाडीला नावं ठेवायला लागली, मी तिच्या म्हशीला. ती म्हणाली, "ऊठ, तुला इकायचंच न्हाय." मी उठलो. ती म्हणाली, "बस, ताक पिऊन जा." मी बसलो. सौदा रंगात आला होता, माझा आवाज चढला होता, तिचा माझ्यावर चढला होता. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एक बाई कानावर हात ठेवून "अहो, गरीब आहेत त्या!" असं म्हणाल्या, आणि व्याह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांच्या देखत ते मला म्हणाले, "पावणं, तुमी गाडीत जाऊन बसा. हितनं फुडं वाड्यावर उतरायचं न्हाय तुमी."

चौदा परक्या माणसांसमोर. माझ्याच गाडीत जाऊन बस म्हणून.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं झालं. कुनीतरी सांगायलाच पायजे हुतं." पोरीला फोन केला, ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही भांडला असणार." मग मी कुणालाच सांगायचं सोडून दिलं आणि राग आत जपून ठेवला. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडाने चारचौघांत बसवलं, त्याच तोंडाने चारचौघांत म्हणावं, पावणं, माझं चुकलं. पुढच्या प्रत्येक सहलीला मी ओढ्यापाशी गाडीत बसून राहिलो. व्याह्यांनी नवा नियम काढला होता: वाड्यावर भाव करायचा नाही, मावशी सांगतील ते ठेवायचं आणि वस्तू उचलायची. मी खाली बसून ऐकायचो. सुरुवातीला वरून हसणं यायचं, कुत्र्याचं भुंकणं यायचं. हळूहळू हसणं कमी झालं. वर काय चाललंय, मावशीने आज जाळ बरोबर लावला का, कुणी विचारलं का, याची मला हुरहुर लागायची. पण बंदी व्याह्यांची. मी कशाला चढतो?

मग एका सहलीला वाड्याच्या कडेच्या दगडापाशी उभं राहून व्याह्यांनी हाक मारली आणि उत्तर आलं नाही. घरांतून धूर निघत होता. कुत्रं उभं होतं. म्हणजे माणसं होती. व्याही बराच वेळ थांबले आणि सगळ्यांना घेऊन खाली आले. पुढच्या सहलीला पुन्हा तेच. दुसरा कुणी असता तर सरळ जाऊन "काय झालं मावशी" म्हणाला असता. पण नियम यांचाच. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. त्या परतीच्या वाटेवर ते माझ्या शेजारी बसले आणि गगनबावड्याचा घाट बघत असल्यासारखे मागे बघत राहिले. कळे गावापाशी आल्यावर म्हणाले, "पावणं, आनि येक बार बघतो. न्हाईतर बंद करतो समदं."

"समदं? वाडा तेवढा वगळा की. कुरुंदवाड हाय, जोतिबा हाय."

"ज्या घरानं पैल्यांदा आत घेतलं, त्यानंच दार लावलं. मग बाकीच्यांच्या वेशीवर मी कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि त्याचाही राग आला.

तिसऱ्या वेळी मी गाडीतून बघत होतो. हाक गेली. धूर होता, कुत्रं होतं, उत्तर नव्हतं. व्याही दगडावर बसले. मी गाडीचं दार आपटलं आणि चढायला लागलो. मला येताना बघून ते उठले. "पावणं, हाक न्हाय आली."

"तुमास्नी न्हाय आली. मी तुमच्या सहलीत न्हाय. मी गिऱ्हाईक हाय," मी म्हणालो आणि त्यांच्या शेजारून पुढे निघून गेलो.

मावशी दारातच बसली होती. मला बघून म्हणाली, "आलास व्हय रं भांडकुदळा? मला वाटलं मेलास."

"मरतोय कशाला? तू हाकेला ओ का देत न्हाईस त्ये सांग आधी."

मावशी आधी म्हशीवर घसरली, मग सुनेवर, आणि मग मुद्द्यावर आली. "तुझी मानसं येत्यात. तूप नाकाला लावत न्हाईत, हाताला लावत न्हाईत. पैसं ठेवत्यात आन् हात जोडत्यात. वर आनिक ज्यादाच ठेवत्यात. मी काय देव हाय, का जोगवा मागाय बसल्ये? मागं येकदा कढवताना माजा डोळा लागला, तूप करपलं. दिव्याला म्हनून कडंला ठेवलंतं. येक बाई त्येच उचलून घिऊन गेली आन् म्हनती, किती छान वास! माज्या म्हशीसमोर जायाची लाज वाटली बघ मला."

"मग व्याह्यांस्नी सांगायचं की."

"कसं सांगू? त्यो मानूस दगडापाशी उभा ऱ्हाऊन इचारून आत येतोय. असल्या मानसाला तोंडावर टाकून कसं बोलायचं? तुझ्यासंगं कसं, भांडता तरी येतंय. म्हनून गप बसल्ये. न्हाई बोलावलं की येत न्हाई त्यो, येवढं ठाऊक हाय."

बोलता बोलता तिने नवं तूप माझ्यापुढे सरकवलं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हाताच्या पाठीवर घेतलं, चोळलं, वास घेतला. "इड्याचं पान उशिरा टाकलंस."

"उशिरा न्हाय. पान जून हुतं," ती म्हणाली. काही महिन्यांत तिला कुणी एवढं सुख दिलं नसावं, असा तिचा चेहरा झाला.

मी उतरायला लागलो तेव्हा माझ्या डोक्यात भाषण तयार होतं. इतके दिवस राखून ठेवलेलं सगळं भाषण. चौदा माणसांसमोर मला बसवलं होतं ना? आज खाली पंधरा होती, एक जास्तच. दगडापाशी पोहोचलो तेव्हा एक तरुण पोरगी व्याह्यांना विचारत होती, "काका, ते लोक आपल्याशी बोलत का नाहीत?" व्याही म्हणाले, "म्हाईत न्हाय." नेहमी त्याच्यापुढे एक शब्द असतो, 'इचारूया'. तो आला नाही. ते नुसतेच हातातल्या टोपीची शिवण चाचपत राहिले.

माझं भाषण कुठे गेलं, मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो आणि त्यांच्या कानात सगळं सांगितलं. मला हळू बोलता येतं, हे मलाही तेव्हाच कळलं. व्याही ऐकत होते आणि त्यांचे कान लाल होत होते. करपलेल्या तुपाचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग उठले, टोपी घातली, आणि पाहुण्यांना म्हणाले, "तूप कसं बघायचं, त्ये मला येत न्हाय. आमचं पावणं दाखिवतील. सगळ्यांनी नीट बघा." माझ्याकडे न बघता म्हणाले. चुकलं म्हणाले नाहीत. मला हवं होतं ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

त्याच वेळी वरून मावशीचा आवाज आला, "अवं, येताय का जेवून येनार हायसा?"

त्या दिवशी वाड्यावर जो सौदा झाला, तसा बाजारात कुठे झाला तर मी धंदा सोडून देईन. बेंगळुरूच्या एका पोराने "थोडं कमी होईल का?" असं विचारून लगेच दोनदा माफी मागितली. मावशीने त्याला "माफी कसली मागतूस, तूप बघ की!" म्हणून त्याचा हात ओढून तूप चोळलं. दगडापाशी विचारणारी ती पोरगी वास घेऊन म्हणाली, "आजी, यात पानाचा वास येत नाही." मावशी माझ्याकडे बघून ओरडली, "ह्यानं शिकिवलं!" व्याह्यांनाही जोर आला. ते पुढे बसले, तूप हाताला लावलं, वास घेतला, चेहरा फार कडक केला आणि म्हणाले, "मावशी, जरा..." मग त्यांना काही सुचेना. "जरा ज्यादा घ्या," म्हणाले. मावशी हसता हसता भिंतीला टेकली.

परतीच्या वाटेवर पाहुणे तुपाच्या बरण्या मांडीवर घेऊन झोपले. व्याही पुढच्या सीटवर माझ्या शेजारी होते. मग हाताची पाठ नाकाशी नेत म्हणाले, "पावणं, तूप असं बघायला तुमास्नी कुनी शिकिवलं?"

लग्नात मी यांना सांगितलं होतं की आमचा पहिल्यापासून वाहतुकीचा धंदा. जावयालाही तेच माहीत आहे. इतकी वर्षं मी तेच सांगत आलो. पण हा माणूस खरंच विचारत होता. त्यांच्या आवाजात माझी ऐपत मोजायचं काही नव्हतं. वांग्याचं विचारताना होतं तेच होतं. म्हणून मी सांगितलं. गुळाच्या बाजारात मी हमाल होतो. शेजारच्या पेढीवर डोंगरातलं लोणी-तूप यायचं. तिथला वजन करणारा म्हातारा तोलार दुपारी आम्हा हमालांना बोलवून हातावर तूप चोळायचा आणि विचारायचा, सांग, कुठल्या वाड्याचं? बरोबर सांगेल त्याला चाटायला मिळायचं. भूक असायची, म्हणून मी बरोबर सांगायला शिकलो.

आता हे काहीतरी बोलतील, फार कष्ट काढले म्हणतील, असं वाटून मी रस्त्याकडे बघत होतो. त्यांनी विचारलं, "गुळाची ढेप पाठीवर घेताना पैलं वजन कुठल्या पायावर येतंय?"

मला माझ्या धंद्याचा नफा पुष्कळांनी विचारला आहे. हे कुणी विचारलं नव्हतं.

"डाव्या," मी म्हणालो.

"मग उजवा काय करतोय?"

मी सांगायला लागलो. पोतं पाठीवर कसं दुमडायचं, ओल्या गुळाचं पाणी मानेवरून कुठे जायचं, पहिल्या दिवशी मी कुठे पडलो आणि कोण हसलं. ते विचारत होते आणि मी सांगत होतो. माझी पोरगी त्यांच्या घरी गेली त्याला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघे व्याही त्या दिवशी पहिल्यांदाच बोलत होतो, असं वाटलं. त्यांनी माफी अजून मागितलेली नाही. मागतीलही एखाद्या दिवशी. मला आता तेवढी घाई नाही. बालिंग्याचा पूल मागे पडला, शहराची घरं दिसायला लागली, तसा मी गाडीचा वेग कमी केला. मागून कुणीतरी झोपेत विचारलं, "पोचलो का?"

"न्हाय," मी म्हणालो, "अजून जरा येळ हाय."